सासूचा आकडा सुनेला

टपालखात्याची निळी पँट हातात घेऊन सून शिलाई मशीनपाशी येऊन उभी राहिली, तेव्हा सासू शाळेच्या एका गणवेशाला काजं करत होती.

"आई, कमरेत जरा सैल करून द्याल?"

सासूनं कपाळावरचा चष्मा नाकावर आणला, पँट उलटी केली आणि शिवण बोटांनी चाचपून पाहिली. "मागच्या वेळी सोडलं, त्याच्या आधीही सोडलं. आता आत कापडच उरलेलं नाही, पोरी. एक तर पँट नवी घे, नाही तर..."

पुढचं तिनं गिळलं. सासू असून गिळलं.

"नाही तर मलाच दोन्हीकडून दाबून शिवा," सून म्हणाली आणि दोघीही हसल्या.

हसण्यासारखं होतंच, कारण सासूचंही काही वेगळं नव्हतं. शिलाईचं काम म्हणजे सकाळी बूड टेकलं की संध्याकाळी उचलायचं. वय अठ्ठावन्न, गुडघे कुरकुरायला लागलेले, आणि हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलेलं, "औषध मी देईन, पण वजन तुम्हालाच उतरवावं लागेल." सून एकतीस वर्षांची. दिवसभर सायकलवरून पत्रं वाटायची, जिने चढायची-उतरायची. पण घरी आली की समोर येईल ते आणि हाताला लागेल ते खायची.

"आपण दोघी मिळून करू," सून म्हणाली. "एकटीनं होत नाही. दुसरी उपाशी बघितली की धीर येतो."

घरातले चिरंजीव, म्हणजे एकीचा मुलगा आणि दुसरीचा नवरा, एका कचेरीत संगणकावर काम करत. त्यामुळे घड्याळाच्या सेलपासून पाण्याच्या मोटरीपर्यंत सगळं त्यांनाच कळतं असा घरात समज होता, आणि तो दूर करण्याची त्यांना कधी गरज वाटली नव्हती. त्यांनी दोघींचे फोन मागून घेतले. फोन एकाच दुकानातून, एकाच सवलतीत घेतलेले, काळ्या कव्हरातले जुळे भाऊच. चिरंजीवांनी दोन्हींत एक अ‍ॅप घातलं, वय, उंची, वजन, कामाचं स्वरूप, सगळं भरलं आणि फोन परत केले. हे करताना त्यांचा एक डोळा टीव्हीवरच्या सामन्यावर होता, हे नंतर उघड झालं.

सुनेच्या फोनवर आकडा आला तेराशे. सासूच्या फोनवर दोन हजार.

"दोन हजार?" सासूनं फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. "दिवसाला एवढं खायचं आणि वर बारीकही व्हायचं?"

"अ‍ॅप म्हणतंय म्हणजे असेल," चिरंजीव म्हणाले. "हिशेब करूनच सांगतं ते."

"म्हणजे मी आयुष्यभर अर्धपोटीच राहिले की रे!" सासूला स्वतःची मनापासून कीव आली.

सुनेला काही शंका आली नाही. टपालकचेरीत शिक्के मारणारी तिची मैत्रीण दर सोमवारी नवा उपाय सुरू करायची आणि गुरुवारी सोडायची. तिनं छातीठोकपणे सांगितलं होतं की कुठलीही बाई असो, बाराशे कॅलरीच्या वर गेली की संपलं. त्या मानानं तेराशे म्हणजे चैनच.

सासूनं काम हाती घेतलं की ते पुरं करायचंच, हा तिचा धर्म. संध्याकाळी अ‍ॅप तिला सांगायचं, "अजून चारशे कॅलरी शिल्लक आहेत!" आणि तिला वाटायचं, गिऱ्हाईक दारात उभं आहे आणि आपली एक बाही लावायची राहिली आहे. मग ती उठायची, पावाच्या दोन तुकड्यांना लोणी लावायची आणि औषध घ्यावं तशी खाऊन टाकायची. वर एक केळं. तरीही साठ उरल्या तर मूठभर शेंगदाणे. एवढं झाल्यावर फोनवर हिरवं फूल उमलायचं. त्या फुलासाठी तिनं काय काय खाल्लं हे तिचं तिलाच ठाऊक.

सुनेचं फूल दुपारीच उमलायचं आणि मग रात्रीपर्यंत कोमेजत राहायचं. सकाळी दोन पोळ्या आणि एक उकडलेलं अंडं, डब्यात भात, डाळ आणि भाजी, की तेराशे जवळपास संपले; संध्याकाळी मग सूप, ज्यात भांड्याचा तळ स्वच्छ दिसायचा. चढावर सायकल ढकलताना पोटात कावळे असे कोकलायचे की रस्त्यावरचे खरे कावळे गप्प बसत असतील. वजन भराभर उतरत होतं, पण त्याबरोबर डोकंही उतरणीला लागलं होतं. दंतवैद्याची पत्रं तिनं मिठाईवाल्याच्या पेटीत टाकली आणि मिठाईवाल्यानं ती इशारा समजून मनाला लावून घेतली. दारादारांतली कुत्री पूर्वी तिच्यावर भुंकायची, आता तिच्या नजरेला नजर देईनात.

असे पाच आठवडे गेले. एके दिवशी चौथ्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाईंचं पार्सल आलं. त्यांची बहीण परगावाहून स्वतः भाजलेली बिस्किटं पाठवायची. तिसरा मजला संपला आणि सुनेच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. ती पायरीवर बसली. पार्सलला दालचिनीचा वास येत होता. तिनं नुसता वास घेतला. मग जरा जवळून घेतला. मग खोक्याला नाक टेकवून डोळे मिटले.

"पत्ता वासावरून शोधता का हल्ली?" वरून आवाज आला. गाण्याच्या बाई कठड्यावरून वाकून पाहत होत्या.

सून ताडकन उठली आणि तितक्याच लगबगीनं परत बसली. बाई खाली आल्या, तिथंच पायरीवर त्यांनी पार्सल फोडलं आणि दोन बिस्किटं तिच्या पुढे धरली.

"नको," सून म्हणाली. "दोन म्हणजे दीडशे."

"दीडशे काय? पैसे कोण मागतंय तुमच्याकडे?"

"कॅलरी." आणि टपालखात्याची ती धडधाकट कर्मचारी जिन्यात बसून ढसाढसा रडली. रडता रडता तिनं दोन्ही बिस्किटं खाल्ली, आणि तिसरंही.

त्या संध्याकाळी घरात ठिणगी पडली. सुनेच्या पुढ्यात पारदर्शक सूप. सासूच्या ताटात भात, दोन अंडी, पाव, लोणी.

"अजून एक पाव घ्यावा लागणार," सासू सुस्कारा टाकत म्हणाली. "काय करणार, पूर्ण तर करायलाच हवं."

सुनेनं चमचा खाली ठेवला. "आई, तुम्ही हे मुद्दाम करता का?"

"मुद्दाम?"

"रोज माझ्यासमोर बसून, असं चवीनं! वर सुस्कारेही टाकता!"

"मला काय हौस आली आहे?" सासूचा आवाज चढला. "गळ्याशी आलंय माझ्या! उठताना टेबलाला धरून उठते मी. आणि तुला कुणी सांगितलं चिमणीसारखं खायला? मी डब्यात गुपचूप अंडं घातलं, तर तू ते तसंच परत आणलंस!"

"ते तुम्ही घातलं होतं? मला वाटलं, मला मोहात पाडायला यानं घातलं!"

चिरंजीव आपलं ताट उचलून स्वयंपाकघराकडे सरकत होते. "बस खाली," दोघी एकदमच म्हणाल्या. ते बसले.

सासूनं सुनेकडे नीट पाहिलं. गाल बसले होते, डोळ्यांखाली काळं आलं होतं. तिचा राग जागच्या जागी विरला. "उद्या माझी गुडघ्यांची तपासणी आहे," ती म्हणाली. "तू माझ्याबरोबर येणार आहेस. नाही म्हणालीस तर त्या सुपात मी लोणी टाकीन."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सासूला काट्यावर उभं केलं आणि काट्याकडे दोनदा पाहिलं. "अहो, अडीच किलो वाढलंय!"

"पण मी एक दिवसही चुकवला नाही," सासू काकुळतीला येऊन म्हणाली. "मेलं इच्छा नसतानाही खाल्लं!"

अशी तक्रार डॉक्टरीणबाईंनी उभ्या आयुष्यात ऐकली नव्हती. त्यांनी फोन मागितला, अ‍ॅप उघडलं आणि वाचलं, "वय एकतीस. दिवसभर सायकल आणि चालणं." त्यांनी चष्म्यावरून सासूकडे पाहिलं. "सायकल चालवता आपण?"

सुनेनं आपला फोन न सांगताच पुढे केला. "वय अठ्ठावन्न," डॉक्टरीणबाई वाचत गेल्या. "बैठं काम."

त्यांनी दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवले. मग डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. परिचारिका आत डोकावून गेली, इतक्या त्या हसल्या. हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणाल्या, "सगळ्या बायकांना मिळून एकच आकडा नसतो हो. वय, उंची, वजन आणि अंगमेहनत, यांवर ठरतो. आजी, तुमचं वजन आहे तिथंच राहायला साधारण सोळाशे पुरतात. या मुलीला मात्र चोवीसशे लागतात, तेवढं तिचं काम आहे. उतरवायचं तर त्यातून थोडं कमी करायचं, तीनशे-चारशे. ही गेले पाच आठवडे गरजेच्या निम्म्यावर सायकल मारते आहे! चक्कर येणार नाही तर काय?"

"आणि मला बाराशेच्या वर जायचं नाही असं सांगणारी मैत्रीण?" सुनेनं विचारलं.

"तिला माझ्याकडे पाठवा."

"म्हणजे माझे आता तेराशेच?" सासूला आता कुठे खरा धक्का बसला. "दोन हजारांवरून एकदम तेराशे? कुणाचा पगारसुद्धा असा कापत नाहीत!"

"गुडघ्यांवर भार न टाकता हालचाल वाढवा, मग थोडी सूट देईन. पाण्यात चाला. तरणतलावावर बायकांसाठी वेगळी वेळ असते."

 घरी येऊन दार उघडताच सासूनं चूल पेटवली, तीन अंडी फोडली, पाव भाजले आणि सुनेपुढे ताट ठेवलं. "सासू सुनेच्या तोंडचा घास काढते असं लोक उगाच बोलतात, असं मला वाटायचं," ती म्हणाली. "मी तर पाच आठवडे तेच केलं, आणि वर हिरवं फूल मिळवलं."

"तुम्ही काय मुद्दाम केलंत?" सून तोंडात घास असतानाच म्हणाली. मग तिला कालचं आठवलं आणि ती ओशाळली. "चुकलंच माझं. तुम्ही घातलेलं अंडंसुद्धा मी ओळखलं नाही."

"खा आधी. भुकेल्या माणसाचं मी मनावर घेत नाही."

चिरंजीवांची चौकशी संध्याकाळी झाली. त्यांनी सामन्याचा उल्लेख केला, तो करायला नको होता. पुढचा महिनाभर रात्रीची भांडी त्यांनी घासली.

तरणतलावावर जायला मात्र सासू आठवडाभर टाळाटाळ करत होती. शेवटी तिनं स्वतःच पोहण्याचा पोशाख शिवला, बाह्या कोपरापर्यंत आणि पाय गुडघ्याच्या खालपर्यंत. सुट्टीच्या सकाळी सून तिला घेऊन गेली. सासू शिडीच्या तीन पायऱ्या उतरली आणि कठडा धरून उभी राहिली, ती राहिलीच.

"आई, सोडा हात. पाणी छातीपर्यंतच आहे."

"कुणाच्या छातीपर्यंत?"

सून पाण्यात उतरली आणि तिनं आपले दोन्ही हात पुढे केले. सासूनं आधी एक हात दिला, बऱ्याच वेळानं दुसरा. एक पाऊल टाकलं, मग आणखी एक. गुडघा दुखला नाही. तिनं खाली वाकून पाहिलं, जणू तिथं दुसऱ्याच कुणाचे पाय असावेत.

"अगं, काहीच वजन नाही माझं!" ती मोठ्यानं म्हणाली, तेव्हा तलावातल्या बायका वळून पाहायला लागल्या. "काट्यावर आता उभं करायला हवं मला, आत्ता, इथं!"

हळूहळू तिनं सुनेचे हात सोडले आणि समोरच्या काठाकडे निघाली. वाटेत एका अनोळखी बाईला पोशाखाची शिवण दाखवली, तिच्या दोन ऑर्डरी घेतल्या आणि तशीच बोलत बोलत पुढे गेली. सून मागून चालत होती आणि तिला गाठताना तिची चांगलीच दमछाक होत होती.