पायाखालची आग

"येत न्हाई म्हंजे न्हाई!" तिखोननं कुऱ्हाड ओंडक्यात रुतवली. "त्या रानात मी पाय ठिवनार न्हाई, वैनी."

"नका ठिवू." ग्लाफिरानं डोक्याचा रुमाल आवळला. "माजी नोच्का गाय तिकडं हंबारतीया. पयलं वेत हाय तिचं, आज-उद्या व्याईल. मी जाते. तुमी बसा चुलीपुढं ऊब घेत."

धुरानं भरदुपारी दिवेलागण झाल्यासारखं झालं होतं. तीन आठवडे पाऊस नव्हता. रानातली दलदल वरून सुकली होती आणि तिची काळी माती आतल्या आत कोळशासारखी धुमसत होती. ग्लाफिरानं सकाळीच बंबवाल्यांना फोन केला होता. ल्युबेनो तालुक्याचा माणूस म्हणाला, "ते रान ओझेरिखच्या हद्दीत येतं." ओझेरिखवाला म्हणाला, "हद्दीच्या चराच्या अलीकडं आमचं काय न्हाई, बाई."

सात वर्षांमागं असल्याच रानात तिखोनचा ट्रॅक्टर जमिनीत गेला होता. वर हिरवंगार गवत आणि खाली लाल निखारा. त्यानं उडी टाकली म्हणून वाचला. तेव्हापासून तो दलदलीकडं तोंड करूनसुद्धा बसत नसे.

ग्लाफिरा फाटकाबाहेर पडली. साठी उलटलेली बाई, हातात नुसता दोर. तिखोननं तिला धुरात विरघळताना बघितलं. शिवी हासडून त्यानं लांब काठी उचलली.

"थांबा! म्होरं जाऊ नगा. माज्या पावलावर पाऊल टाका."

"आलात व्हय? आता बोलू नगा. खोकला लागंल."

तो काठी खुपसायचा, ओढायचा, टोकाला हात लावायचा. गार. पुढं. गार. पुढं. एकाएकी शेजारचं बर्चचं झाड कलंडलं आणि आवाज न करता आडवं झालं. वाऱ्याची झुळूकही नव्हती.

"आगं आई!" ग्लाफिरानं त्याची बाही धरली. "कशानं पडलं ओ?"

"मुळं जळाली खालनं." त्यानं पुन्हा काठी खुपसली. टोकातून वाफ निघाली. बोट लावताच चटका बसला. बुटाचा रबरी तळ मऊ लागत होता. त्याचं एक पाऊल मागं नाही की पुढं नाही. "वैनी, मला हलता येईना."

"माज्याकडं बगा, भावजी. जिमिनीकडं नगं." "गाय कुटं हंबारली, आयका."

हंबरडा डावीकडून आला. खालून, पाण्यावरून आल्यासारखा. तिखोनच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"चरात हाय ती! हद्दीच्या चरात! गायीला कळलं, आपल्याला न्हाई. वल्ली माती पेटत न्हाई. चला, डावीकडं."

वीस पावलं होती. ती चालायला त्याला जन्म लागला. चराच्या काठावरून दोघं घसरतच पाण्यात गेली. कमरेइतकं गार, काळं पाणी. पोटापर्यंत बुडालेली नोच्का डोळे फाडून उभी होती. ग्लाफिरानं तिच्या मानेला मिठी मारली आणि हुंदका देऊन रडली.

"रडा मागनं," तिखोन म्हणाला. "आदी दोर बांदा."

चर गावापर्यंत जात होता; त्यातूनच दोघं गायीला घेऊन निघाली. वर दोन्हीकडं झाडं एकामागून एक आडवी होत होती. एक तर गायीच्या शेपटामागंच पाण्यात कोसळलं, तसा जळक्या मुळांचा चरभर चुरचुराट उठला. गाय बुजली. तिखोननं दोर पोटाला गुंडाळला आणि ओढत राहिला. शेवटी गावचं पहिलं कुंपण दिसलं.

ग्लाफिराच्या गोठ्यात गाय बांधल्यावर तो मटकन खाली बसला. भिजल्या कोटाचं बटण त्याला सुटेना. ग्लाफिरानं वाकून ते सोडलं.

"भ्यालो मी लई," तो म्हणाला.

"मी काय हासत हुते?"

बाहेर वाऱ्याची दिशा बदलली. धूर आता सरळ गावावर येत होता. रहाटाच्या साखळीचा खडखडाट झाला. ग्लाफिरा विहिरीवर पोचलीसुद्धा होती.

"उटा, भावजी," ती ओरडली. "छपरं भिजवाया पायजेत. आदी तुमचं का माजं?"

तिखोन भिंतीला धरून उठला.

"तुमचं," तो म्हणाला. "तुमच्या गोठ्यात गाभनी हाय."