विहीणबाईंचं पातेलं

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या लाफायेटमध्ये जेवायचं कुठे, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. तिथे पेट्रोलपंपावरसुद्धा लोक रांग लावून 'बूदां' घेतात, म्हणजे मसालेदार भात भरलेलं सॉसेज. प्रश्न पडला तो माझ्या बायकोला. उल्का जन्माची शाकाहारी, आणि या गावात घेवड्याच्या शेंगांतही डुकराचे तुकडे घालतात.

शेजारच्या राज्यातल्या फ्रिस्कोहून साडेसहा तास ड्राइव्ह करून आम्ही आलो होतो ते होणाऱ्या विहिणीला भेटायला. आमची आश्लेषा इथल्याच डेनिसच्या मुलाशी, ल्यूकशी लग्न करणार होती. "आई, डेनिसकडे काहीतरी खा हं," तिने फोनवर चारदा बजावलं होतं. "ती आधीच नर्व्हस आहे. तू उपाशी उठलीस तर तिला वाटेल, तुला तिचं घरच नको आहे."

भेट शुक्रवारी होती. गुरुवारी आम्ही तीन हॉटेलं पालथी घातली. मी मालवणचा, त्यामुळे माझी चंगळ. उल्काला मात्र खायचं नसलं तरी विचारायचं सगळं असतं. हा रस्सा इतका काळा कसा? पीठ किती वेळ परतता? बूदांमध्ये काय काय असतं? वेट्रेस म्हणाली, "डुकराचं मांस आणि काळीज." उल्काने प्लेट लांब सारली आणि विचारलं, "कांदा कधी घालता?"

"खायचं नाही तर रेसिपी कशाला?" मी वैतागलो.

"खात नाही म्हणून डोकंही बंद ठेवू का?" असं म्हणून ती बटाट्याचं सॅलड खात बसली.

संध्याकाळी डेनिसचा फोन आला. उद्या गुड फ्रायडे, आमच्या घरात कुणी मांसाला शिवत नाही, तुम्ही अगदी निश्चिंत या. उल्काचा चेहरा खुलला.

"अहो, उपासतापास पाळणारी माणसं आहेत की! आपल्यासारखीच." या लग्नाबद्दल ती पहिल्यांदाच इतकं मोकळेपणाने बोलली. मीही मान डोलावली. चाळीस वर्षं या देशात डॉक्टरकी केली, पण गुड फ्रायडेला लोक काय खातात हे मी एकाही पेशंटला विचारलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी डेनिसच्या अंगणात लांबलचक टेबलावर वर्तमानपत्रं अंथरली होती. ल्यूकने भलंमोठं पातेलं आणून त्यावर उपडं केलं. वाफाळलेल्या क्रॉफिशचा, म्हणजे गोड्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या जीवांचा, लालभडक ढीग, नांग्यांसकट, आणि त्यातच बटाटे नि कणसं. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. उल्का दोन पावलं मागे सरली.

"डेनिस, मी सांगितलं होतं ना, आई व्हेजिटेरियन आहे!" आश्लेषा रडकुंडीला आली.

"पण हे मांस कुठे आहे?" डेनिस खरोखरच गोंधळली होती. "हे पाण्यातलं आहे. उपासाला चालतं."

"का चालतं?" उल्काने विचारलं. तिला राग नव्हता आला, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

डेनिस म्हणाली, "आजी म्हणायची, चालतं. तुमच्या उपासाला काय चालतं?"

"बटाटे, शेंगदाणे, साबुदाणा. तुपात परतून."

"आणि भात?"

"छे! भात नाही चालत."

"का?"

"आजी म्हणायची," उल्का म्हणाली, आणि दोघी हसल्या. पण प्रश्न सुटला नव्हता. डेनिसचं हसू विरलं, डोळे भरून आले. "मी पिझ्झा मागवते," ती पुटपुटली.

"थांबा. कच्चे बटाटे असतील ना? मला एक पातेलं द्या, मी करते."

स्वयंपाकघरात डेनिस कपाट उघडून नुसतीच उभी राहिली. "माझ्या प्रत्येक भांड्यात मांस शिजलंय," ती म्हणाली. "तुमच्याशी खोटं कसं बोलू?"

आमच्याकडे माझं मासळीचं पातेलं गॅरेजमध्ये असतं, त्याची घासणीसुद्धा वेगळी. आता सगळं फिसकटणार म्हणून मी दारातच थांबलो.

"धुतलेलं आहे ना?" उल्का म्हणाली. "मग द्या की."

मग बटाटे चिरले गेले, मिरची तडतडली, दाण्यांचं कूट झालं. आता प्रश्न डेनिस विचारत होती. दाणे भाजायचे का? सालं का काढायची? बाहेर क्रॉफिश निवत होते, आणि या दोघी ओट्यापाशी उभ्यानेच एका बशीतून भाजी खात होत्या. "याला उपास म्हणता?" डेनिसने पुन्हा वाढून घेत विचारलं. आश्लेषाने मला घट्ट मिठी मारली. मला भरून आलं होतं, पण क्रॉफिशही मी सोडले नाहीत.

परतताना गाडीत मला राहवेना. "तुला चाललं कसं गं?"

उल्का खिडकीबाहेर बघत सांगू लागली.

"आपल्या लग्नानंतर माझी आई मालवणला आली होती. सासूबाईंनी तिच्यासाठी बाजारातून नवं कोरं तांब्या-भांडं आणलं होतं. तरी आई पाणी प्यायली नाही. सासूबाई ते हातात घेऊन उभ्याच राहिल्या. मी बघत होते. काही बोलले नाही."

माझ्या आईचा तो चेहरा मी कधी विसरलो नव्हतो. उल्काच्याही तो लक्षात आहे हे मला माहीतच नव्हतं. इतक्या वर्षांत आम्ही हा विषय एकदाही काढला नव्हता.

"आज डेनिस तशीच उभी होती हो," ती म्हणाली.