जळक्या दगडांचा तट

यरुशलेमच्या तटाच्या कामावर मशुल्लाम नावाचे पाच जण होते. मुकादम हशूबने हाक मारली की पाचही माना वर व्हायच्या. मग हशूब ओरडायचा, "सोनार नव्हे रे, याजक नव्हे, तो भट्टीवाला!"

भट्टीवाला मशुल्लाम चुना भाजायचा. बायको वारलेली, मुलगा नाही. हाताखाली एकटी लेक, तिर्झा. त्याला वाटणीत उकिरडा वेशीजवळचा तुकडा मिळाला होता. कित्येक पिढ्यांपूर्वी बाबेलच्या सैन्याने शहर जाळलं तेव्हा तिथे आग फार भडकली होती. ढिगाऱ्यातला एकेक दगड काळा ठिक्कर. नवे चिरे चांगल्या घराण्यांच्या तुकड्यांवर जात होते.

शेजारच्या तुकड्यावरून सोनार मशुल्लाम हसला. "अरे, निदान आपलं नाव तरी बुडवू नकोस! त्या राखेचा तट बांधणार होय?"

"बाबा, मी बोलू का त्यांना?" तिर्झा फणफणली.

"तोंड नको चालवू, हातोडी चालव."

मशुल्लाम दगडाला कान लावून हातोडी हाणायचा. बद्द आवाज आला तर तो दगड भट्टीत. ठणकन वाजला तर त्याची जळकी साल छिनून टाकायची. आत गाभा शाबूत निघायचा. भट्टीतल्या दगडांचा चुना व्हायचा आणि तोच चुना शाबूत दगडांना धरायचा. आगीने काय खाल्लं आणि काय सोडलं, हे त्याला जन्मभराच्या धंद्याने शिकवलं होतं.

विसाव्या दिवशी हशूब आला. तट पुरुषभर उंच झाला होता.

"पाडून टाक. जळका माल आहे. दुष्मन इथूनच आत घुसेल."

"पाडतो. आधी वेशीची तुळई या तटावरून न्या," मशुल्लाम म्हणाला.

"वेड लागलंय का? चार बैल लागतात तिला!"

"चार बैल न्या की मग."

बघ्यांची ही गर्दी जमली. तुळईच्या गाड्याला जुंपलेले बैल मातीच्या उतारावरून चढवले. गाडीवान भिऊन मागे सरला, तेव्हा तिर्झाने कासरा ओढून घेतला आणि ती स्वतः पुढे झाली. तुळई कुरकुरत तटावर आली. मशुल्लाम खालून बैलांच्या बरोबरीने चालू लागला. दगडावर विश्वास होता, पण वर पोर होती.

बैल या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. चुन्याचा एक टवकाही उडाला नाही.

हशूबने खाली वाकून सांधे चाचपले, नखाने खरवडले. मग तो सोनाराकडे वळला. "तुझ्या तुकड्यामागे एवढा ढीग का पडलाय?"

"जळका आहे तो."

"मग माणसं घे आणि याच्याकडे शिकायला जा."

सोनार खरंच आला. आधी जरा घुटमळला, मग म्हणाला, "दादा, तो आवाज ओळखायचा कसा?" मशुल्लामने त्याच्या हातात हातोडी दिली. दोन दिवसांत साऱ्या तटावर ठणठणाट सुरू झाला. चिऱ्यांची वाट बघत बसलेली माणसं कामाला लागली.

बावन्नाव्या दिवशी तट पुरा झाला.

पुढे तट देवाला अर्पण करण्याचा दिवस आला. झांजा आणि वीणा घेऊन गाणाऱ्यांची रांग तटावरून निघाली. उकिरडा वेशीवर येताच हशूबने तिला थांबवलं. "हा तुकडा बांधणारे पुढे चालतील," तो म्हणाला आणि त्याने बापलेकीला हाताला धरून वर घेतलं.

मशुल्लाम संकोचला, पण तिर्झाने गळा मोकळा सोडला. मग तोही गाऊ लागला, बेसूर, मोठ्याने. खालून बायकापोरांनी सूर धरला. पलीकडच्या टेकड्यांवरच्या गावांत लोक घराबाहेर येऊन ऐकत राहिले.