आत्याचं पडून राहणं

आमची आत्या दुपारभर खिडकीपाशी पडून असते आणि उठताना म्हणते, ‘‘दमले गं बाई.’’ सगळे फिदीफिदी हसतात. त्यांना काय जातंय हसायला!

मी प्रयोगशाळेत दिवसभर पेशी बघते. काल तिच्या उशाशी बसून सांगितलं, ‘‘मिठातलं सोडियम प्रत्येक पेशीत सारखं झिरपतं. आवरणातले पंप ते बाहेर ढकलत राहतात, तू झोपलीस तरी. तुझी कितीतरी शक्ती त्यातच जाते.’’

‘‘आणि ते थांबले तर?’’

‘‘पेशी फुगून फुटेल.’’

आत्यानं डोळे मिटले. खिडकीचा पडदा संथ हलत होता. आत खोलवर चाललेलं काहीतरी ती कान देऊन ऐकत असावी.

आईनं दारातून विचारलं, ‘‘चहा टाकताय ना?’’

आत्या डोळे न उघडता हळूच म्हणाली, ‘‘वहिनी, आज तुम्हीच टाका. मी कामात आहे.’’