बुरुजाचं वय

आमच्या सोसायटीची मीटिंग टेकडीवर भरली होती, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. पण मरोळच्या आमच्या बावीस बिऱ्हाडांत गच्चीवर मीटिंग लावली की सात माणसं येतात, आणि त्यातली तीन वाळत घातलेले कपडे काढायला. म्हणून आमचे सेक्रेटरी शरच्चंद्र करंदीकर यांनी शहाऐंशीच्या जानेवारीत डोकं लढवलं. सहकुटुंब सहल! आरे कॉलनीच्या मागच्या टेकडीवर किल्ल्याचे अवशेष आहेत, ते बघायचे, वर कांदेपोहे खायचे आणि पोह्यांनंतर मीटिंग. आधी नाही. आधी घेतली तर लोक पोह्यांपुरतेच उगवतील, हे त्यांना बरोबर ठाऊक.

विषय एकच होता, कंपाउंडची भिंत. पावसाळ्यात पडली ती पडलीच, आणि शेजारच्या तबेल्यातल्या म्हशी माझ्या तुळशीपर्यंत यायला लागल्या. ती कंत्राटदाराकडून सिमेंटच्या ठोकळ्यांची बांधून घ्यायची की माझ्या बाबांकडून दगडाची, एवढंच ठरायचं होतं.

बाबा गवंडी. दशरथ मिस्त्री म्हटलं की जुने लोक अजून ओळखतात. मालवणकडून मुंबईला आले आणि उभा जन्म दगड लावण्यात गेला. आई गेल्यावर माझ्याकडे आणलं, तर रिकामे बसून नुसते वाळत चालले होते. भिंत पडली आणि म्हातारा उठून बसला, बघा! रोज सकाळी खाली जाऊन ढिगाऱ्यातले दगड निवडायचे. मोठे इकडे, चिपा तिकडे. "माका दुसरा कायएक नको, शेवंती," मला म्हणायचे. "ही एक भिंत लावतंय आणि मगे हात धुतंय."

करंदीकरांना विचारलं की ते गोड हसायचे. "बघू या, वहिनी. कमिटीपुढे ठेवू." बँकेतला माणूस. नाही म्हणायलासुद्धा ठराव लागतो.

त्या रविवारी बाबा धुतलेलं धोतर नेसून सगळ्यांच्या आधी गेटवर उभे. चढण तशी काही नव्हती. शाळेतली पोरं पळत पुढे गेली, करंदीकरांच्या क्षमाताई गुडघा धरून मागून आल्या. अर्ध्या तासात वर पोहोचलो. वर काय, झाडोऱ्यातली एक गोल काळी भिंत, पुरुषभर उंच, एका बाजूने ढासळलेली. शेजारी चार-दोन जोती.

करंदीकरांनी चपला काढल्या. मग सगळ्यांनीच काढल्या. नारळ फुटला. त्यांच्या हातात वही होती, त्यातून त्यांनी वाचायला सुरुवात केली. हा टेहळणीचा बुरूज. महाराजांच्या काळातला, साधारण तीनशे वर्षांपूर्वीचा. इथून खाडीवर नजर. भिंतीतल्या भोकाकडे बोट दाखवून म्हणाले, "ही जंगी. हिच्यातून बंदुकीची नळी बाहेर काढायची आणि शत्रू टिपायचा." पोरांनी लगेच भोकाला डोळा लावला. क्षमाताईंनी तिथली माती कपाळाला लावली आणि चिमूटभर रुमालात बांधून घेतली. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू!

बाबा मात्र मागच्या बाजूला जाऊन भिंतीवर हात फिरवत होते. जवळ गेले तर डोळे पाण्याने भरलेले.

"काय झालं, बाबा?"

"ही भिंत माझ्या हातची," ते हळूच म्हणाले. "एकावन साल. वर पाण्याची टाकी होती, गुरांसाठी. ह्या भोकातसून पायप जाय. मगे टाकी हलवली, पत्रे गेले, घरांच्या जोत्यांक दगड होये म्हणान लोकांनी अर्धी भिंत खणून नेली." मग माझं मनगट घट्ट धरलं. "गप रव. कोणाक सांगू नको."

मला हसू की रडू तेच कळेना. शत्रू टिपायचा म्हणे! पण बाबांनी सांगितलं म्हणून गप्प बसले. पोहे झाले, चहा झाला, मीटिंग सुरू झाली. करंदीकरांनी बुरुजाला पाठ टेकली आणि विषय काढला.

"दशरथरावांचा अर्ज आलेला आहे. त्यांच्याबद्दल आदर आहेच. पण खरं सांगू? हे बांधकाम बघा. दोन दगडांत सुईसुद्धा जायची नाही. तीनशे पावसाळे खाल्ले तरी उभं! असे हात आता जन्माला येत नाहीत. आजच्या गवंड्यांकडून आपण दगडकामाची अपेक्षा धरणंच चूक आहे. दशरथराव, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

बाबा खाली मान घालून गालातल्या गालात हसत होते. हसत होते हो! आणि माझं डोकं फिरलं. सहदेवने, माझ्या नवऱ्याने, माझा पदर ओढला. तो मरोळच्या कारखान्यात आठ तास मशीनपुढे गप्प उभा राहतो, त्याला सवय आहे. मला नाही.

"ते हात इथेच बसलेत!" मी उभी राहिले. "आत्ताच पोहे खाल्ले त्यांनी! तुमचा बुरूज माझ्या बाबांनी बांधलाय, एकावन साली. म्हशींच्या पाण्याची टाकी होती इथे. आणि ती तुमची जंगी आहे ना, ती पाइपाची!"

मला वाटलं, आता टाळ्या पडणार. आता भिंत बाबांची.

"खरं का, दशरथराव?" करंदीकरांनी विचारलं.

बाबांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि होय म्हणून मान हलवली.

करंदीकर पाठ सरळ करून बुरुजापासून दूर झाले आणि शर्ट झटकला. मग वळून भिंतीकडे नीट बघायला लागले, ढासळलेल्या बाजूकडे. बाकीचेही तिकडेच बघायला लागले.

"एकावन," ते म्हणाले. "म्हणजे पस्तीस वर्षं." ढासळलेल्या कडेवर बोट ठेवलं. "पस्तीस वर्षांत ही अवस्था?"

"ती पडली नाही, पाडली! जोत्यांसाठी दगड काढून नेले लोकांनी!" मी ओरडले. पण ऐकतंय कोण? कुणीतरी म्हणालं, बघा ना, अर्धी गेलीच की. कुणी म्हणालं, आपल्याला निदान पन्नास वर्षं तरी टिकायला हवी. क्षमाताईंनी रुमाल सोडून माती झाडली. लोकांनी चपला घातल्या. ठोकळ्यांच्या बाजूने सतरा हात वर झाले. इतका कोरम आमच्या सोसायटीला जन्मात मिळाला नव्हता.

उतरताना बाबा काठी टेकत माझ्या पुढे चालत होते. मी तावातावाने बडबडत होते, की या लोकांना अक्कल नाही, की तुम्ही तोंड का उघडलं नाहीत, की तुमच्यासाठीच बोलले मी.

वळणावर ते थांबले. त्यांना राग आला नव्हता, तेच जास्त लागलं.

"भिंत माका मिळाची नव्हतीच, गो," ते म्हणाले. "ता माका कधीच कळलेला. पण घडीभर तरी मी म्हाराजांचो गवंडी होतंय. तुका गप रवाक काय झाला?"