तळाची खरपुडी

मुंगीच्या आईच्या पिशवीत तीन वस्तू कायम असायच्या: लंगोट, कोरडा फ्रॉक आणि चहाची गाळणी. गाळणी चहासाठी नव्हती. सहा महिन्यांपूर्वी सफरचंदाचा एवढासा तुकडा लेकीच्या, मुंगीच्या, घशात अडकला होता. आईनं तिला पालथं धरून पाठीवर थापट्या मारल्या तेव्हा कुठे तो बाहेर पडला. मुंगी पाच मिनिटांत खेळायला लागली. आईचा श्वास मात्र अडकला तो अडकलाच. तेव्हापासून लेकीसाठी जे काही शिजे ते घोटलं जाई, मग गाळणीतून उतरे आणि मगच वाटीत पडे.

आणि मुंगी तोंड गच्च मिटून घेई.

आज डॉक्टरांनी तिसऱ्यांदा काट्यावर बसवलं. दीड वर्षाच्या मानानं वजन फारच कमी होतं. “सोमवारी परत आणा. तेव्हाही हेच राहिलं तर दाखल करून तपासण्या करू. खाते ना सगळं?”

“सगळं,” आई म्हणाली. गाळणीचं कुणी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

परतताना मुंगीच्या खाण्याची वेळ झाली म्हणून ती दवाखान्यामागच्या गल्लीतल्या खाणावळीत शिरली. चार टेबलं, धुऊन उपडे घातलेले पेले, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. जेवणाची वेळ टळून गेली होती.

“आता फक्त सूप उरलंय बघा,” खाणावळवाल्या मावशी म्हणाल्या. “चालेल?”

“चालेल.”

सूप आलं. आईनं पिशवीतून गाळणी काढली आणि दुसऱ्या वाटीवर धरली. मावशी बघत राहिल्या.

“आमच्या सुपावर एवढा संशय?”

“तसं नाही हो मावशी. हिला अडकतं.”

“काय अडकतं?”

“काहीही अडकू शकतं.”

मावशींनी मान डोलावली आणि त्या स्वतःचं जेवण घेऊन शेजारच्या टेबलाशी बसल्या. जेवण म्हणजे भाताचं रिकामं पातेलं. तळाला लागलेल्या भाताची सोनेरी तांबूस खरपुडी त्यांनी उलथन्यानं एका कडेनं सोडवली, वर मीठ भुरभुरलं आणि एक तुकडा मोडला.

कुर्रम.

मुंगीच्या तोंडासमोर चमचा तसाच थांबला, कारण मुंगी आता चमच्याकडे बघतच नव्हती. ती आवाजाकडे बघत होती. मावशींनी दुसरा घास घेतला. कुर्रम. मुंगीनं दोन्ही हात पसरले, सगळी पुढे झुकली आणि कधी नाही ते तोंड उघडलं.

“अगं बाई, मागतेय की ही,” मावशी म्हणाल्या. “देऊ?”

‘नको’ आईच्या ओठावर आलं होतं. पण त्या उघड्या तोंडात तिला दात दिसले. वर चार, खाली चार. रोज सकाळी ओल्या फडक्यानं ती ते पुसायची. ते कशासाठी उगवलेत, हे मात्र सहा महिन्यांत तिच्या मनात आलं नव्हतं.

“तुकडा लहान द्या,” ती म्हणाली. “आणि तुम्हीही इथेच बसा.”

“कुठे जातेय मी? पाय दुखतायत.”

मावशींनी नखाएवढा तुकडा सुपाला जरासा टेकवून दिला. आई हात तयार ठेवून बसली, आत्ता पालथं धरायचं, आत्ता थापटी मारायची. मुंगीच्या कानशिलापाशी काहीतरी बारीकसं हललं. थांबलं. पुन्हा हललं. लेक चावत होती. तिला कुणी शिकवलं नव्हतं. उलट शिकू नये याची आईनं कडेकोट तजवीज केली होती, तरी त्या एवढ्याशा जबड्याला सगळं ठाऊक होतं. डोळे अर्धवट मिटून, कपाळाला आठी घालून मुंगी आपल्याच तोंडातला आवाज ऐकत होती.

मग तिनं गिळलं. गळ्यावरून एक लाट उतरून गेली आणि खाली काहीही बिघडलं नाही.

मुंगीचे हात पुन्हा पसरले.

पाचव्या तुकड्यानंतर आईनं तयार ठेवलेले आपले हात खाली घेतले. सातवा मुंगीनं अर्धा चावला आणि उरलेला, लाळेनं चिंब, आईच्या ओठांना लावला. आईनं खाल्ला. करपट, खारट, मध्येच गोडसर. गेले कित्येक दिवस तीही लेकीचं उरलेलं सपक पाणीच पीत आली होती. तिचाही कुर्रम आवाज झाला, तशी मुंगी दचकून तिच्या तोंडाकडे बघत राहिली, आत कोण आहे म्हणून.

“उद्या थोडी बाजूला काढून ठेवाल?” आईनं विचारलं.

“ठेवली तर मऊ पडते. पातेलं उतरतं तेव्हाच यावं लागेल. आणि ती गाळणी घरी ठेवून या, माझ्या सुपाला घाबरवू नका.”

“गाळणी सोमवारपर्यंत राहू दे पिशवीत,” आई म्हणाली. “डॉक्टरांना दाखवायचीय. मी त्यांना सगळं सांगितलं नव्हतं.”

मावशींनी पातेलं तिच्याकडे सरकवलं. तळाशी अजून बरीच खरपुडी चिकटलेली होती.