गनीभाई नसतानाचे आठ दिवस

श्रीमंतशेट अचानक गेले आणि त्यांचं भांड्यांचं दुकान बंद झालं ते झालंच. चार महिने झाले तरी शटर वर गेलं नाही. बँकेचं खातं त्यांच्या एकट्याच्या नावावर, जीएसटीचा नंबर त्यांच्या नावावर, गाळ्याचा करारही त्यांच्याच नावावर. वारसाच्या कागदांसाठी त्यांच्या बायकोच्या, गोजरबाईंच्या चपला झिजत होत्या. गनीभाईंचा गादी कारखाना बरोबर त्या दुकानासमोर. सकाळी रूई पिंजायचं मशीन सुरू करताना समोरचं बंद शटर दिसायचं आणि गनीभाई तोंड फिरवून घ्यायचे.

त्यांनी साठी ओलांडली होती. शेवगावच्या बाजारातलं हे गादीचं दुकान त्यांच्या वडिलांनी टाकलेलं. मुलगा सैफ मशीन चालवायचा, टेम्पोतून माल पोचवायचा. बायको बिबीजान दुकानामागच्या घरात बसून गाद्यांच्या खोळी शिवायची, लग्न होऊन आली तेव्हापासून. पण रूईचा भाव ठरवणं, गिऱ्हाईक सांभाळणं, पैसे देणं-घेणं हे सगळं गनीभाईंच्या एका जिभेवर आणि एका मोबाईलवर चालायचं. त्यात काही चुकीचं आहे असं घरात कुणालाच वाटत नव्हतं.

वाटलं ते जयाला. जया त्यांचं कराचं काम बघायची. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली मुलगी. मामाकडं राहून शिकली आणि बाजार समितीच्या रस्त्यावर तिनं छोटं ऑफिस थाटलं. दिवाळीच्या आधी गनीभाई जीएसटीची बिलं घेऊन तिच्याकडं गेले, तेव्हा बिलं बाजूला ठेवून ती म्हणाली, "चाचा, एक विचारू? उद्या तुम्ही नसलात तर सैफभाई पहिल्या दिवशी काय करेल?"

"असं अभद्र बोलू नये पोरी," गनीभाई म्हणाले. "अल्लाच्या मनात हाय तवर मी हाय."

"ते त्याच्या हातात. बँकेचं मात्र आपल्या हातात आहे."

गनीभाई उठायला लागले. मागच्या वर्षी तिनं विम्याचा विषय काढला तेव्हाही ते असेच उठले होते. गोजरबाईंचे कागद जयाच करत होती, आणि रोज त्या बाईचा चेहरा बघून तिला राहवत नव्हतं. तिनं दुसरी वाट धरली.

"बरं, मरणाचं राहू द्या. गावाला जाऊन या. जामखेडला, नाझनीनताईकडं. आठ दिवस. मोबाईल बंद ठेवायचा. तुम्ही इकडं काही सांगायचं नाही, इकडून कुणी तुम्हाला विचारायचं नाही. तेवढ्यात दुकान नीट चाललं तर मी हा विषय परत कधी काढणार नाही."

गनीभाईंना हसू आलं. आठ दिवसांचं काय एवढं? सैफ काय लहान होता? नव्या मंगल कार्यालयाची साठ गाद्यांची ऑर्डर तर आधीच मिळाली होती. मालक रामहरी आगाऊ रक्कम देऊन गेला होता, ती बँकेत होती. रूईची गाडी बजरंग व्यापारी चार दिवसांत पाठवणार होता. फक्त गाद्या भरून द्यायच्या. पैज जिंकल्यासारखेच ते एसटीत बसले.

जामखेडला पहिला दिवस बरा गेला. लेकीनं, नाझनीननं मटण केलं, जावयानं, अमीरनं गॅरेज लवकर बंद केलं. दुसऱ्या दिवसापासून मात्र गनीभाईंचा हात सारखा खिशाकडं जायला लागला. मोबाईल बाहेर काढायचा, काळ्या पडद्याकडं बघायचं, परत ठेवायचा. शेवटी त्यांनी लेकीच्या घरातल्या सगळ्या गाद्या गच्चीवर नेल्या, उन्हात टाकल्या, काठीनं झोडल्या आणि दाभण घेऊन सैल झालेले टाके पुन्हा घालायला बसले. नाझनीन धान्य निवडायचं सूप घेऊन शेजारी येऊन बसली.

"अब्बा, तुमी माझ्या घरी इतका वेळ कधी बसलेलेच मला आठवत नाही," ती म्हणाली. "उभ्या उभ्या चहा पिता आणि निघता."

"दुकान असतं ना बाळा."

ती थोडा वेळ गहू निवडत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "तुमाला शुगर हाय, हे मला अमीरच्या चुलतभावाकडून कळलं. तो दवाखान्यात तुमच्या मागं रांगेत हुता."

गनीभाईंचा टाका चुकला. त्यांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं, बिबीजानलाही अर्धंच. "तुमाला उगी घोर कशाला," ते पुटपुटले.

"घोर लागायचा तो लागलाच. फक्त कुणाला विचारावं ते कळंना. कोणत्या डॉक्टरकडं जाता, कोणती गोळी घेता, काय झालं तर कुठं न्यायचं, मला काहीच ठाऊक नाही अब्बा. मला रातचा फोन वाजला की आधी तुमीच आठवता."

दुपारचं ऊन गच्चीवर पसरलं होतं. गनीभाईंना वाटायचं, आपण न बोलून लेकरांना सावलीत ठेवलंय. लेक तर किती दिवस एकटीच त्या उन्हात उभी होती. त्यांनी दाभण खाली ठेवलं आणि खिशातल्या पाकिटामागून गोळ्यांची पट्टी काढून तिच्या हातात दिली. तिनं नाव वाचलं, डॉक्टरांचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. एवढंच झालं, पण उरलेले टाके त्यांचे सरळ पडले.

आठ दिवस भरले आणि गनीभाई दुपारच्या गाडीनं शेवगावात उतरले. दुकान उघडं होतं. मशीन बंद होतं, पण जमीन झाडून स्वच्छ होती. सैफ काऊंटरवर बसला होता; वडिलांना बघून उठला, सलाम केला आणि एवढंच म्हणाला, "गाद्या पोचल्या, अब्बा. सगळ्या."

गनीभाईंची छाती फुगली. ते हसत हसत मागं घरात गेले आणि दारातच थांबले.

घरात गादी नव्हती. पुढच्या खोलीतल्या दिवाणावर नुसती फळी, तिच्यावर चटई. सैफच्या खोलीत चटई. पाहुण्यांसाठी भिंतीला लावून ठेवलेली गाद्यांची चळत गायब. बिबीजान जमिनीवर घोंगडी टाकून तिच्यावर बसली होती आणि सून अंजुम तिला चहा देत होती.

"हे काय हाय?" गनीभाई म्हणाले.

अंजुम कप ठेवून आत गेली. बिबीजाननं शांतपणे सांगायला सुरुवात केली.

बजरंगनं रूई पाठवलीच नाही. आगाऊ पैसे मागितले. सैफ बँकेत गेला, तर खातं अब्बांचं, सही अब्बांची. मोबाईलवरून पाठवावे तर तो मोबाईल जामखेडला. सैफ बजरंगकडं गेला, हात जोडले. बजरंग म्हणाला, तुझ्या बापाचा एक फोन येऊ दे, गाडी सोडतो. तू पोरगा चांगला आहेस, पण मी तुला ओळखत नाही. दोन दुसरे व्यापारी पाहिले, त्यांनीही तेच सांगितलं. गल्ल्यात होती तेवढ्या रकमेत वीस गाद्यांची रूई आली. कार्यालयातलं पहिलं लग्न तोंडावर आलं होतं.

"मग?"

"मग घरातल्या उसवल्या. तुमच्या आईच्या हातच्या, सैफच्या लग्नातल्या, पाव्हन्यांच्या, सगळ्या. अंजुमच्या आईनं त्यांच्याकडच्या पाठवल्या. ओळखीच्या घरांतून जुन्या मागून आनल्या, नव्या करून देऊ म्हणून. रूई पुन्हा पिंजली, वाळवली. रामहरीला आधीच सांगितलं, निम्म्याच्या वर रूई जुनी हाय. चांगली हाय, पर जुनी हाय. भाव कमी केला. तो व्हय म्हनला."

गनीभाई खाली बसले. राग कुणावर काढावा ते त्यांना कळेना. "नाझनीनला फोन का नाही केला? एका फोनचं काम हुतं. बजरंगला मी सांगितलं असतं."

बिबीजाननं कप बाजूला सरकवला. चहावर साय धरली होती.

"जयानं सांगितलं हुतं, तुमी न्हाई असं समजा," ती म्हणाली. "सैफ फोन लावायला निघाला हुता. मीच त्याचा हात धरला. म्हनलं, असं खरंच झालं तर कुठं लावनार हाईस फोन? मग आत गेले आनि दार लावून घेतलं. तुमी न्हाई असं समजायला बसले आनि रडायलाच लागले. लई रडले. जिवंत मानसासाठी रडले, अल्ला माफ करो. मग उठले आनि खोळी उसवायला बसले. हाताला काम लागलं की रडू थांबतं."

गनीभाईंनी तिच्या बोटांकडं पाहिलं. सुईनं टोचून टोचून ती लाल झाली होती. इतकी वर्षं ती बोटं त्यांच्या दुकानासाठी शिवत होती आणि दुकानाच्या एकाही कागदावर तिचं नाव नव्हतं. हे त्यांना कुणी सांगितलं नाही, त्यांनाच त्या क्षणी दिसलं.

ते कपडे बदलायला आतल्या खोलीत गेले. तिथं त्यांच्या पलंगावर त्यांची गादी होती. होती तशी, स्वच्छ चादर घालून.

"ही कशी राहिली?" त्यांनी आतूनच विचारलं.

बिबीजान दारात आली. "अंजुम उसवायला घेत हुती. मी न्हाई उसवू दिली," ती म्हणाली. "बाकी सगळं तुमी न्हाई असं समजून केलं. तेवढं मात्र मला समजता आलं न्हाई."

गनीभाई पलंगाच्या कडेला बसले. तिला शेजारी बसायची खूण केली. ती बसली. गनीभाईंनी तिचा टोचलेला हात उचलून आपल्या दोन्ही हातांत धरला आणि अंजुम पाणी घेऊन येईपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी ते जयाच्या ऑफिसात गेले ते बिबीजान आणि सैफ दोघांना घेऊन. जया काही विचारणार तेवढ्यात गनीभाईच म्हणाले, "दुकान चाललं. पर माझ्यामुळं न्हाई, आनि माझ्यामुळंच अडलं बी. आता सांग काय करायचं ते."

जयानं घाई केली नाही. दुकान तिघांच्या भागीदारीत आणायचं, म्हणजे एक जण नसला तरी काम चालू राहील असा करार करता येतो. बँकेत भागीदारीचं खातं, तिघांपैकी कुणाचीही सही चालेल असं. बजरंगसारख्या व्यापाऱ्यांकडं महिन्यातून एकदा सैफनं एकट्यानं जायचं, बापाशिवाय. रूईच्या कोठाराला आगीचा विमा, तो सगळ्यांत आधी, कारण एक ठिणगी पुरते. आणि आजारपणाचा विमा.

"त्यात शुगरचं लिही," गनीभाई म्हणाले.

सैफनं चमकून वडिलांकडं पाहिलं. बिबीजाननं पाहिलं नाही. तिनं नुसता पदर सारखा केला.

"लिहायलाच पाहिजे चाचा. लपवलं तर वेळेला विमा कंपनी हात वर करते. हप्ता थोडा जास्त बसेल, काही काळ शुगरचा खर्च मिळणार नाही. पण खरं असेल तेच टिकतं."

मग गनीभाईंनी नाझनीनचा विषय काढला. जामखेड रस्त्याला त्यांचा एक लहान प्लॉट होता. तो लेकीला द्यावा असं त्यांच्या मनात होतं, आपण आहोत तोवर, आपल्या हातानं. सैफकडं बघत त्यांनी विचारलं, "तुझी काय हरकत?"

"मी तर तुमी कधी बोलता याची वाट बघत हुतो," सैफ म्हणाला.

जया म्हणाली, हिबा, म्हणजे जिवंतपणीच दिलेलं बक्षीस, करता येईल, पण मनात द्यायचं आणि ताबा स्वतःकडं ठेवायचा, तसं चालत नाही. दिला तर खरोखर ताब्यात द्यायचा, नोंद करायची. त्याला वकील लागेल, आणि हवं तर मौलानांनाही विचारा. गनीभाईंनी मान हलवली. देणं आणि ताबा सोडणं यांतला फरक त्यांना आता पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

कागद तयार व्हायला महिना गेला. करारावर सह्या करायच्या दिवशी बिबीजान ठेवणीतली साडी नेसून आली. तिनं सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली आणि पेन खाली ठेवून जयाला विचारलं, "आता मी बी मालकीन, व्हय ना?"

"हो चाची. भागीदार."

"मग खोळीच्या शिलाईचा दर मी ठरवनार."

सैफ हसला. गनीभाई मात्र गंभीरपणे म्हणाले, "इतकी वर्सं कमी दिला, हे मला ठाऊक हाय."

"ते राहू द्या," बिबीजान म्हणाली.

ऑफिसातून खाली उतरल्यावर सैफ टेम्पो घेऊन बजरंगकडं गेला, एकटाच. गनीभाई आणि बिबीजान चालत बाजाराकडं निघाले. घरात अजून सगळ्यांच्या गाद्या व्हायच्या होत्या, ज्यांच्या घरून जुन्या आणल्या त्यांच्या त्याआधी. रूईचे गठ्ठे सोडून ठेवलेल्या एका दुकानासमोर बिबीजान थांबली, पुढं वाकून चिमूटभर रूई हातात घेतली, ओढून धागा किती लांब निघतो ते बघितलं.

"कशी हाय?" गनीभाईंनी विचारलं.

"बरी हाय," ती म्हणाली. "भाव मी बोलते. तुमी गप उभं ऱ्हावा."

गनीभाई गप्प उभे राहिले. बिबीजान भाव करत होती, दुकानदार कुरकुरत होता, आणि गनीभाईंना त्या गर्दीत, कशाचीही घाई नसताना, तिच्या शेजारी उभं राहणं फार बरं वाटत होतं.